तलकाडच्या वाळूत राहिलेली चप्पल

विजयनगर, म्हैसूर

चि. दिगंबर यास अलकाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल, असे गृहीत धरते. सौ. गुंजनला माझी आठवण सांग. माझी प्रकृती उत्तम आहे.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने. एक, आमच्या शनिवारच्या वाचनमंडळाची पुस्तके मी निवडते. दोन, मंडळातले खंडोजीराव आणि त्यांच्या पत्नी नागरत्नावहिनी यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची असल्याने ते मराठी बोलतात, वाचतात मात्र कन्नड. म्हणून मी मोठ्याने वाचते आणि सर्व ऐकतात. तीन, मोठ्याने वाचल्यावर कोणत्याही कादंबरीला काही लपवता येत नाही. चार, तलकाडच्या वाळूत माझी डाव्या पायाची चप्पल राहिली. या शेवटच्या गोष्टीला तू जबाबदार आहेस.

आरंभ आम्ही अर्थातच एका गंभीर साहित्यिक कादंबरीने केला. तिचा नायक खिडकीशी उभा राहून स्वतःच्या रितेपणाचा विचार करतो. (विषय मला मान्य आहे, माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्यावरच होते.) तिसऱ्या शनिवारीही तो खिडकीशीच होता, तेव्हा खंडोजीराव कॉफीचा लोटा खाली ठेवून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साकु, अक्का, पुरे. त्याला बसायला कुर्ची तरी द्या." मग विज्ञानकादंबरी घेतली. त्या प्रकारावर माझा जुना आक्षेप असा की, तीत तज्ज्ञ माणसे एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी समजावून सांगतात. मंगळावरचा अभियंता आपल्या अभियंता पत्नीला प्राणवायूचे महत्त्व सांगू लागला, तेव्हा नागरत्नावहिनी म्हणाल्या की यात नवल काय, आमच्याही घरी असेच चालते. (आक्षेप मी मागे घेतलेला नाही, वहिनींपुरता स्थगित केला आहे.)

अद्भुतकादंबरीविषयीचे माझे मत तुझ्या कादंबरीचा दुसरा भाग आला तेव्हाच तुला कळवले होते: जेथे वाटेल ते घडू शकते, तेथे काय घडले याची फिकीर कोणी का करावी? ते पत्र वाचून तू तिसरा भाग सोडून दिलास, असे गुंजनकडून समजले. मत आजही बरोबर आहे. ते सिद्ध करण्यासाठीच मी तुझे दोन्ही भाग (शब्दकोशांच्या मागे होते, तेथे धूळ कमी बसते) मंडळापुढे वाचले. अडचण अशी निघाली की, तुझ्या राज्यात वाटेल ते घडत नाही. तेथे खोटे बोलणाऱ्याला वाळू गिळते, आणि हा नियम तू कोणासाठीही मोडत नाहीस. नावाड्याची मुलगी भावाला वाचवण्यासाठी खोटे बोलते, वाळू तिच्या हनुवटीपर्यंत चढते, आणि तू भाग संपवतोस. त्या दिवशी कॉफी निवून गेली. "मुंदे?" खंडोजीरावांनी विचारले, म्हणजे पुढे काय. मी सांगितले, तिसरा भाग छापखान्यात आहे.

त्यानंतर साहजिकच सर्वांना तलकाडची, जुनी देवळे गिळून बसलेली वाळू पाहावीशी वाटली. तेथे देवळाकडे उतरताना माझा पाय घोट्याच्या वर रुतला. (वाळू सैल होती, कारण निव्वळ भौतिक आहे.) पुढे गेलेले खंडोजीराव वळले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अक्का, छापखाना कुठला म्हणालात?"

पुण्याचा, असे मी सांगितले, आणि पाय आणखी खाली गेला. नागरत्नावहिनींनी दंडाला धरून मला ओढले. चप्पल आली नाही. परतताना त्या हळूच म्हणाल्या, "सोडा हो. ती नावाड्याची पोरगी वाचते की नाही तेवढं तुमच्या भावाला विचारा. ह्यांना झोप नाही."

आता खंडोजीरावांनी जाहीर केले आहे की, पुस्तक आले नाही तर पुढची गोष्ट ते स्वतः सांगतील. त्यांच्या गोष्टीत कृष्णराजनगरचा एक भातशेतीवाला मुलगा तिला बाहेर काढतो, आणि लग्नाचे जेवण दोन शनिवार चालते. हे मला सहन होणार नाही. बाकी मी सुखात आहे.

तुझी, मत न बदललेली,
अलकाताई

ता. क. दुसऱ्या भागात महापूर आणि आंब्याचा मोहोर एकाच आठवड्यात आले आहेत. दुरुस्त कर.

आणखी एक. मुलगी वाचते का, हे फोनवर सांगू नकोस. मला आधी कळले तर ते वाचताना आवाजात उतरेल आणि खंडोजीराव ओळखतील. उत्तर लेखीच हवे, आणि तीनशे पानांपेक्षा कमी नको.