कडेचं प्यादं, एकच घर

तीर्थरूप मामा,

काल बारामतीहून बुद्धिबळाचं एक पुस्तक आणलं. ते आधी तुम्हाला दाखवायचं होतं आणि तुम्ही नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही हसणार हे ठाऊक आहे. ‘बुकात बघून कुणी पवायला शिकतं का?’ हे तुमचंच बोलणं.

पण इलाज काय? तुम्ही मला कोंडीत टाकून गेलात. दर पाडव्याला बारामतीच्या वकीलसाहेबांशी तुमचा डाव व्हायचा आणि जिंकेल त्याच्या घरी पट राहायचा. मामींनी लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यांनी शिवलेला तो पट कैक वर्षं आपल्या निरवांगीतून हलला नाही. आता वकीलसाहेबांचा निरोप आलाय, यंदा जावयानं बसावं आणि खेळ विलायती पद्धतीनं व्हावा. मी नको म्हणायच्या आत मामी हो म्हणून मोकळ्या झाल्या!

आपल्या देशी खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं. विलायतीत पहिल्या चालीला दोन घरं टाकता येतात. एवढ्या एका फरकानं तुमच्याकडून शिकलेलं सगळं पाण्यात गेलं, असं मला वाटलं.

तसा मी आधीच अडकलेला. घरजावई होणं काय असतं, ते तुम्हाला काय कळणार? वांग्यांना पाणी मी द्यायचं, पाटाच्या पाळीला मी जागायचं, आणि गावानं म्हणायचं, ‘त्यांचा जावई’. माझं नाव किती जणांना ठाऊक असेल? तुमचं तेरावं झाल्यावर कन्हेरीहून थोरल्या भावानं कळवलं, आता परत ये, इथं तुझ्या वाट्याची जमीन आहे. हे मी कुणाला बोललो नाही. तुमच्या लेकीलासुद्धा नाही.

बारामतीला वांगी बाजारात टाकली आणि एका म्हाताऱ्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी तीन पुस्तकं पुढ्यात ठेवली. कुठलंही एक न्या, पाडवा झाला की आणून द्या, म्हणाले. पहिलं मराठी, पण देशी नियमांचं. दुसरं इंग्रजी, उशीएवढं जाड. त्यात जो तो डाव मधल्या प्याद्यांचा, दोन-दोन घरं धावत सुटलेला. माझं मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी कसंबसं पुरलं असतं, पण ती घाई मला जमणारी नव्हे.

तिसरं पातळ होतं, कडेनं सुरू होणाऱ्या डावांचं. उघडलं तर चित्रात घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकलेलं, आणि त्यानं रिकाम्या केलेल्या घरात उंट दबा धरून बसलेला. मामा, हा तर तुमचा डाव! दोन घरांची मुभा असून त्या शहाण्यानं एकच घर घेतलं होतं. मास्तरांच्या ओसरीवर मला रडू फुटलं. पुस्तक बदलून देऊ का, असं त्यांनी घाबरून विचारलं.

मधून का येत नाही, असं मी तुम्हाला कितीदा विचारलं होतं. तुम्ही आपले पान लावत बसायचात. एकदाच बोललात, “बांध राखला की वावर कुठं जातंय, जावईबापू?” मला वाटलं, शेताचं सांगताय. सगळं असं अर्धंच का सांगायचात हो?

संध्याकाळी मामींना पुस्तक दाखवलं. हरलो तर तुमचा पट जाईल, म्हणालो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पट गेला तर दुसरा शिवीन. तुमाला कन्हेरीला जायचं आसंल तर जावा. पर खेळून जावा.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! आता तुम्हीच सांगा, याला दार उघडणं म्हणायचं की कडी घालणं? कुणी अडवलं असतं तर भांडून तरी गेलो असतो.

खोटं कशाला बोलू, मला इथं अजूनही कोंडल्यासारखं होतं. पण प्यादं मागं येत नाही, हा नियम देशीत आणि विलायतीत सारखाच आहे. कन्हेरीला ‘येत नाही’ असा निरोप आज धाडला.

पट राहील असा शब्द देत नाही. पण पाडव्याला पहिली चाल घोड्यापुढच्या प्याद्याचीच करीन. दोन घरांची मुभा मलाही आहे, मामा. मी एकच घर घेईन.

तुमच्या घरचा,
शंकर