ढब्बूने आत्याला घातलेली अट

चि. ढब्बू यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पाठ अजून दुखते का रे? (दिवसभर कंप्युटरपुढे खुर्चीत वेटोळं घालून बसल्यावर दुसरं काय होणार!) इकडे माझे गुडघे, तुझ्या आतोबांचा खोकला आणि शिवणयंत्राचा कुरकुरणारा पट्टा, तिघंही आपापल्या जागी खुशाल आहेत. पत्रास कारण तूच. मागे आलास तेव्हा मी लग्नाचा विषय काढला, आणि तू ऐटीत अट घातलीस, की स्वतःचाच मजकूर अक्षरन् अक्षर छापून दाखवणारा प्रोग्रॅम आत्या ज्या दिवशी लिहील, त्या दिवशी ती म्हणेल त्या मुलीला मी भेटेन. वर आतोबांना डोळा मारलास. मला वाटलं, पोराच्या डोळ्यात कचरा गेला. म्हातारी यात जन्मभर अडकेल असा डाव होता होय तुझा? मेल्या, गिऱ्हाइकांचे कोट आणि पुरुषांचे बहाणे उसवण्यातच माझी हयात गेली!

आमच्या दुकानाच्या वर कंप्युटरचा क्लास आहे. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीशी मी सौदा केला: तिच्या कोटाच्या बाह्या मी आखूड करायच्या, तिने मला शिकवायचं. आधी वाटलं, हात्तिच्या, 'छाप' म्हणायचं आणि पुढे मजकूर ठेवायचा! पण छापून आला नुसता मजकूर. 'छाप' हा शब्द आलाच नाही. तो मजकुरात घातला, तर त्याला छापायला बाहेर आणखी एक 'छाप' लागला. त्यालाही आत घेतला, तर बाहेर पुन्हा एक. (माझ्या नणंदांना जेवायला बोलावलं की असंच होतं. एकीला आत घ्यावं तर दारात दुसरी.) शेवटी चिडून मी यंत्राला सांगितलं, थांबूच नकोस, छापत राहा. त्याने आज्ञा पाळली, क्लासचा सगळा कागद संपेपर्यंत पाळली. अख्खा क्लास टेबलाखाली शिरून वायर शोधत होता आणि मी दारात उभी राहून, हे कुणाचं काम गं बाई, असं विचारत होते. कागद पाठकोरा होता, तो दुकानात नमुने कापायला झाला.

मग मी लबाडी केली. प्रोग्रॅमला म्हटलं, स्वतःची फाइल उघड आणि वाचून दाखव. मुलगी म्हणाली, ही तर कॉपी झाली. तुझ्या आतोबांनी सुचवलं, कोरी फाइल चालव. आत काही नाही, बाहेर काही नाही, हुबेहूब! (संसारात त्यांनी हेच धोरण ठेवलंय.) मुलगी खो खो हसली, म्हणाली, हे नियमात बसतं हो. पण मला पटेना. कोट मागणाऱ्याच्या हातात कोरं कापड ठेवून कसं चालेल?

डोक्यात उजेड पडला तो दुकानात. कोटाचा कागदी नमुना विरत आला होता. आधी त्यावरून कापड कापलं, मग तोच कागद नव्या कागदावर ठेवून नवा नमुना आखला, आणि कात्री हातातच राहिली. अरे, नमुना एकच, पण कामं दोन! प्रोग्रॅममध्येही मजकूर एकदाच ठेवायचा आणि दोनदा छापायचा: एकदा हुकूम म्हणून उघडा, एकदा अवतरणचिन्हांत गुंडाळून. जिना चढताना गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही. एक अवतरणचिन्ह निसटलं होतं, ते टाचलं आणि प्रोग्रॅम चालवला. जे आत, तेच बाहेर! मला चक्क रडू आलं. मुलीने मिठी मारली.

आता तू ऐक. दोन ओळींचा प्रोग्रॅम, त्याला ना नोकरी ना घर, तरी तो आपल्यासारखा दुसरा काढून मोकळा होतो. आणि तू? तू शब्दाचा पक्का आहेस असं तुझी आई सगळीकडे सांगते. बघू.

तुझी विजयी,
आत्या

ता.क. मुलगी कोण ते ओळखलंच असशील. कोट तिला आता फार छान बसतो. रविवारी ये.

आणखी ता.क. तिचीही एक अट आहे. मुलाने तिच्यासमोर बसून, कुठेही न बघता, हाच प्रोग्रॅम लिहून दाखवायचा. मी म्हटलं, हात्, त्याच्या डाव्या हाताचा मळ! (तुला येतो ना रे? तू स्वतः कधी लिहिल्याचं बोलला नव्हतास.) येत नसेल तर शनिवारीच ये, मी शिकवीन. कुणाला कळणार नाही.

शेवटचं ता.क. आयत्या वेळी आजारी पडू नकोस. या पत्राची हुबेहूब नक्कल तुझ्या आईला पाठवली आहे, या ओळीसकट.