डबीची डावी बाजू

३१ मार्च २००८, सोमवार

शी! एवढ्यासाठी मी इतकी वाट पाहिली?

धम्मदीपनं पुण्याहून पाठवलेलं पार्सल आज कुरियरवाल्यानं दारातून फेकलं. खोक्यात खोकं, त्यात स्पंज, आणि शेवटी काड्यापेटीएवढी काळी डबी. एका टोकाला कॉम्प्युटरची वायर, दुसऱ्या टोकाला हेडफोन, मधे आवाज कमीजास्त करायचं चाक. ना सेल, ना बटण. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, याले डॅक म्हणतात. कॉम्प्युटरच्या आतमधला आवाज खराब राह्यते, हे बाहेर चांगला करून देते. करंट बी त्याच वायरीतून घेते. तुले काहीच करा लागत नाई."

काहीच करा लागत नाई! समोरच्या यूएसबी पोर्टात वायर लावली. निळा दिवा लागला. मी खूश. हेडफोन कानाला लावेपर्यंत दिवा गेलासुद्धा! काढली, लावली — तेच. स्क्रीनवर पाटी — हे उपकरण ओळखता आलं नाही.

आणि तो हेडफोन! गादीचं रेक्झिन उन्हानं सुटून राहिलंय. काम संपवून कान पुसावा तर रुमालावर काळे पापुद्रे. मेलेल्या कातडीसारखे. हेच कानाला लावून दिवसभर बसायचं.

पण बसायचंच. बोरगाव मेघेच्या या खोलीतून नागपूरच्या कंपनीचं काम मिळालं, हेच कितीजणींना खरं वाटत नाही. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते ऐकून मी टाइप करते. जूनपर्यंत चाचणी, मग कायम. पण आवाज नीट येत नाही. म्हणून तर धम्मदीपजवळ रडले होते.

१ एप्रिल

पियुषच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर त्यानंच जुळवून दिला होता. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. मान वर करून, ओठ मिटून बोलतो — थुंकी सांडू नये म्हणून.

"मॅडम, मांगं लावा. समोरच्या पोर्टात दम नसते."

"मग दिलं कशाला समोर?"

"शोभेले!"

आणि स्वतःच हसला. खर्‍याचा एक कण माझ्या पर्सवर.

२ एप्रिल

कॉम्प्युटरचा डबा ओढून मागची बाजू पुढे केली. आई गं! धुळीचे गोळे, पालीच्या लेंड्या, झुरळाचं अर्धं अंग. उरलेलं अर्धं कुठे आहे ते मी शोधलं नाही. आंघोळ केली पुन्हा.

मागच्या पोर्टात डबी टिकली. दिवा जात नाही. आवाजही आला. पण सोबत घुंईऽऽ — डास कानात शिरून बसल्यासारखी. माउस हलवला की घुंई बदलते. पंखा लावला की वाढते.

हा चांगला करून दिलेला आवाज!

५ एप्रिल

आजचा डॉक्टर वेफर्स खात खात बोलत होता. पेशंटच्या मांडीवरच्या गळवाचं वर्णन — पू किती, रंग कोणता, वास कसा — आणि मधे कुरुम कुरुम. बोटं चाटल्याचासुद्धा आवाज. टाइप करून झालं आणि जेवण गेलं नाही.

सासूबाई विचारत होत्या, "काऊन वं, जेवली नाई?" काय सांगू! त्यांच्या पानात दही होतं.

८ एप्रिल

मागचे दोनच पोर्ट चालतात, समोरचे तर नावालाच. एकात माउस, एकात डबी. मग पायानं दाबायचं पेडल कुठे लावू? पेडलशिवाय काम होत नाही — आवाज थांबवायचा, मागे न्यायचा, सगळं पायानं. पियुषनं एक हब दिला — एका पोर्टाचे चार होतात म्हणाला. घरी आणून पेडल आणि डबी दोन्ही त्यात लावली. पेडल दाबलं की डबी मरते. पाय उचलला की जिवंत!

दुपारभर पाय दाब, पाय उचल. हेडफोन फेकून दिला शेवटी. पलंगावरच फेकला. जमिनीवर फेकायची हिंमत नाही.

९ एप्रिल

धम्मदीप फोनवर — "ताई, एका वायरीतला करंट दोघांत वाटला तं डबीले काय उरन? भिंतीत लावायचं अडाप्टर असते, तसा हब घे. त्याले त्याचा करंट राह्यते." हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं याला?

११ एप्रिल

दूध उतू गेलं. सासूबाई ओरडत आल्या, "अवं नंदिनी, केव्हाची हाका मारून राह्यली मी! दाराजवळच तं बसली तू!" दुधाची जळकी साय, तिचा वास घरभर. सासूबाईंचं — कमलाबाईंचं — घर म्हणजे भांडी लख्ख — साऱ्या गल्लीला माहीत आहे. आज मी ते पातेलं तासभर घासलं, आणि त्या उभ्या राहून बघत होत्या.

१२ एप्रिल

सपनाचा फोन. नागपूरला ती माझं काम तपासते. पोरगी वाईट नाही, पण चुका सांगताना आवाजात साखर घालते, ते नको होतं.

"मॅडम, पेशंटचं बीपी खाली जाऊन राह्यलं होतं. तुम्ही वर नेऊन ठेवलं."

हायपोचं हायपर केलं मी. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. हे मला कोणी शिकवायला नको! बी.एस्सी. आहे मी. "आवाजात घुंई आहे गं," म्हटलं. ती म्हणाली, "हाओ मॅडम, पण कोणी हे वाचून उलटं औषध दिलं तं?"

दिलं तं?

१४ एप्रिल

जयंती. कॉम्प्युटरवर चादर टाकली. पांढरी साडी, मिरवणूक, बुंदी. त्या डबीचं तोंड पाहिलं नाही. बरं वाटलं.

१७ एप्रिल

अडाप्टरवाला हब आणला. पेडल, माउस, डबी — तिघं एकत्र नांदली. दिवा हलत नाही. पण घुंई आहे तिथेच. आता तर वायरींचं असं जाळं झालंय टेबलाखाली की झाडू फिरत नाही. त्यात केस अडकलेत. माझेच.

लोडशेडिंग झालं की सगळं एकदम मरतं, आणि लाइट आली की डबीला पुन्हा ओळखीपासून सुरुवात. आवाज आपोआप कॉम्प्युटरच्या भोकातून येतो, डबीतून येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन दर वेळी सांगायचं — बाबा, डबीतून काढ!

२० एप्रिल, रविवार

हे काल गिरडहून आले. ग्रामसेवक माणूस, आठवड्यातून एक रात्र घरी. आज सकाळी भिंतीतला बोर्ड उघडला आणि हसलेच. "तुझ्या या बोर्डाले आर्थिंगच नाई! तिसरी वायर लोंबकळून राह्यली." बाबारावांकडून — आमचे घरमालक — मीटरपासून वायर ओढायची परवानगी घेतली, दुपारपर्यंत खपले. कोपरापर्यंत जळमटं. मी टॉवेल घेऊन उभी.

कॉम्प्युटर लावला — घुंई गेली! पूर्ण गेली! इतकी शांतता की डॉक्टरचा श्वास ऐकू आला, त्याच्या खुर्चीची करकर ऐकू आली. मी ह्यांचा हातच धरला. सासूबाई समोर होत्या तरी.

मग नीट ऐकलं. आवाज उजवीकडूनच. डावी बाजू म्हणजे भिंतीपलीकडून कोणी बोलतंय. घुंई होती तोवर कळलंच नाही. एकच माणूस, दोन्हीकडे सारखा यायला पाहिजे! एवढं सगळं करून डबीच अर्धी निघाली.

२२ एप्रिल

पियुषकडे डबी घेऊन गेले. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरला लावली, ऐकलं. "दोन्हीकडून वाजून राह्यली, मॅडम. एकदम ओके." मी ऐकलं — डावी मेलेली. त्यानं नवा हेडफोन काढून दिला. डावी मेलेलीच. म्हणजे हेडफोनचा दोष नाही, डबीचाच. आणि हा खर्रा चघळत म्हणतो ओके!

"तुम्ही खोटं बोलता," म्हटलं. मोठ्यानं. दोन गिऱ्हाइकं वळून पाहत होती. मी थांबले नाही. हब खोटा, पोर्ट खोटे, बोर्ड तपासला नाही, सगळं काढलं.

त्यानं उठून बाहेर जाऊन थुंकलं, तोंड धुतलं, परत आला. पहिल्यांदा त्याचे सगळे शब्द स्पष्ट कळले. "मॅडम, मी काऊन खोटं बोलू? ही डबी मी विकली बी नाई."

नवा हेडफोन घेऊन तरातरा निघून आले. रस्ताभर अंग जळत होतं. देवळीची बस अंगावरून जाता जाता राहिली. ड्रायव्हर म्हणे हॉर्न वाजवून थकला! शिव्या देत गेला. मेला!

२४ एप्रिल

सपना पुन्हा. एका पेशंटची "पंधरा" मिलिग्रॅमची मात्रा मी "पन्नास" लिहिली. फिफ्टीन, फिफ्टी — फरक शेवटच्या एका आवाजाचा. या वेळी तिनं साखर घातली नाही. "मॅडम, सर म्हणून राह्यले, मे महिना शेवटचा पाहू."

शेवटचा!

सगळ्याला कारण ती अर्धी डबी. पाहिली की किळस येते आता. तिच्यावर बोटांचे चिकट ठसे. माझेच, पण तरी.

२५ एप्रिल

धम्मदीपला म्हटलं, "दुसरी पाठव. खराब माल दिला तुला." तो म्हणाला, "पाठवतो. पण ताई, त्याच्याआंधी एक कर. हेडफोन उलटा घाल. डावा उजव्या कानाले, उजवा डाव्याले. मंग मले सांग." एवढा इंजिनिअर झाला, आणि उपाय काय — हेडफोन उलटा घाल! थट्टा करतो माझी. मी फोन ठेवून दिला.

२७ एप्रिल, रविवार

ह्यांनी ऐकलं. "बरोबर तं वाजते." मी म्हटलं, लक्ष देऊन ऐका. "दिलं नं लक्ष. दोन्हीकडून वाजते."

मग सासूबाईंनी हेडफोन मागितला! पदरावरून डोक्यावर चढवला, डोळे मिटले, आणि हसायला लागल्या. "अवं, दोन्ही कानात बोलून राह्यला नं हा गोरा!"

सगळे मिळून मला खोटी पाडतात. सत्तर वर्षांची म्हातारी सुद्धा! जेवताना कोणाशी बोलले नाही. ह्यांनी निघताना काहीतरी म्हटलं, पाठीमागून. मी वळले नाही. दारात थांबून पाहत राहिले माझ्याकडे, मग गेले.

२८ एप्रिल

हेडफोन उलटा घातला.

दोष डबीत असता तर तो आज उजव्या कानात यायला पाहिजे होता. आला नाही. डाव्यातच राहिला.

चाक शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. मग सगळं काढून ठेवलं आणि सासूबाईंचं गजराचं घड्याळ उजव्या कानाला लावलं. टिकटिक. डाव्या कानाला लावलं. हलवलं. घट्ट दाबून धरलं.

डबी चांगली आहे.