वेतोबापुढची केळी

आई, आज आमच्या संग्रहालयात एका पाटीवरचं नाव बदललं, आणि ते मी बदलायला लावलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशी गोष्ट आधी तुलाच सांगावीशी वाटते.

प्रदर्शनासाठी युरोपातून एक सोन्याचं पदक आलंय, पाचेकशे वर्षांपूर्वीचं, अंगठ्याच्या नखाएवढं. कुणी बाई ते गळ्यात घालून प्रार्थना करताना चोळत असणार. त्यावरच्या बाईचं आणि मुलाचं तोंड पार सपाट झालंय. सोबतच्या कागदावर होतं, मेरी आणि बाळ येशू. मी भिंग लावून बसले तर शेजारचा सहकारी म्हणाला, "किती बघशील गं? बाई आणि मूल म्हटलं की मेरीच ना." आणि मला आपलं कांदिवलीचं स्वयंपाकघर दिसलं. दसऱ्याआधीची दुपार आहे. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले आपले देव, ते झिजलेले टाक, तू ओट्यावर रांगोळीने घासतेयस आणि मी ताटात मांडताना देवीच्या जागी रवळनाथ ठेवते. तू ओल्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारतेस. "तोंड काय बघतंस? तोंडां झिजतत गो. हातात काय आसा ता बघ."

मी हात पाहिले. मूल कडेवर नव्हतं, बाईच्या गुडघ्याशी उभं होतं. पायघोळ झगा, पाठीवर मोकळे केस. मुलगी. तिचं बोट उघड्या पुस्तकावर होतं. बाईच्या हनुवटीखालून वस्त्र गुंडाळलेलं, त्या काळच्या प्रौढ बायका घेत तसं. ही मेरी नव्हे, मेरीची आई, संत ॲना, लेकीला वाचायला शिकवणारी. बैठकीत आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "पाटी छापून झालीय. चुकलं तर आपलं हसं होईल, आणि नाव तुझं खराब होईल. खात्री आहे?" मी म्हटलं, आहे. त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं. मग म्हणाल्या, "पुन्हा छापायला टाका." बाहेर आल्यावर सहकारी म्हणाला, "झकास. आता चहा तू पाजायचास." मी पाजला, आणि पिता पिता त्याला तुझी टपली सांगितली. तुझ्याबद्दल बोलताना माझा आवाज किती मोठा झाला होता, ते आजूबाजूचे वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही. ते टाक आता माझ्याकडे बोरिवलीला असतात. संध्याकाळी त्याच तोऱ्यात मी तुझ्या माहेरचा राखणदार देव वेतोबा भिंगाखाली धरला, ज्याच्यापुढे तू दर दसऱ्याला केळ्यांचा घड ठेवायचीस, कारण वेतोबाला केळीच लागतात. एका हातात तलवार आहे, दुसऱ्यात वाटी आहे, तू म्हणायचीस तसंच. पण मनगटात बांगड्या आहेत गं. ती कुणीतरी देवी आहे. ही पाटी मी बदलणार नाहीये. दसऱ्याला केळीच ठेवीन. बरंय, हे पत्र तुला पोचायचं नाही.