श्वास मोजणाऱ्या मुली

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार

पोचले नागपूरला! गाडी चक्क वेळेवर. सायकलरिक्षावाल्याने लकडगंजात मध्येच थांबून मला पोहे खायला लावले. इथे त्यावर लालभडक रस्सा ओततात. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी बशी घेतली. रुग्णालय साठ खाटांचं, धर्मादाय, आणि मागच्या अंगाला परिचारिका विद्यालय. मला मुलींच्या वसतिगृहाशेजारची खोली दिली आहे. खिडकीशी कडुनिंब, नळाला दोन वेळा पाणी. पुण्याच्या माझ्या खोलीपेक्षा बरीच.

काम सरळ आहे. इथे दोन वर्षं ‘रुग्णनिरीक्षण’ हा नवा अभ्यासक्रम चालू आहे. अ तुकडी तो शिकते, ब तुकडी जुनंच शिकते. दोन्ही तुकड्यांची तुलना करायची आणि नव्या अभ्यासक्रमाचा खरोखर उपयोग होतो का, ते पुण्याच्या कार्यालयाला कळवायचं. तीन आठवडे पुष्कळ झाले.

७ फेब्रुवारी

तीन आठवडे कसले, तीन महिने लागतील. आधीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून भाचीच्या लग्नाला गेलेला. मी पाठवलेल्या प्रश्नावल्यांपैकी निम्म्या कोऱ्या परत आल्या. टंकलेखन यंत्राला ‘ळ’ नाही. मेट्रनबाईंना काही विचारलं की त्या मला चहा विचारतात.

हा अभ्यासक्रम शिकवतात त्या सत्यवतीबाई. पन्नाशीच्या, शांत. त्यांच्या तासाला बसले. नाडी मोजून झाली तरी रुग्णाचं मनगट सोडायचं नाही, त्याला कळू न देता श्वास मोजायचे. कळलं की श्वास बदलतो. यात नवीन काय? परिचारिका होताना हे आम्हीही शिकलो. नवीन एवढंच की एका मिनिटाने थांबायचं नाही. अत्यवस्थ रुग्णाजवळ अख्खी पाळी बसून मोजत राहायचं. एक ते वीस, पुन्हा एक ते वीस. का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, फायदा होतो. कसा होतो, ते पुस्तकात नाही. असं वाक्य मी अहवालात कुठे घालू?

११ फेब्रुवारी, सोमवार

आकडे अखेर हाती आले आणि डोकंच फिरलं. गेल्या तिमाहीत ब तुकडीच्या वॉर्डात अकरा मृत्यू, अ तुकडीच्या वॉर्डात एक. रुग्ण सारखेच, डॉक्टर तेच, औषधं तीच. इतका चांगला निकाल खरा नसतो. कुठेतरी लपवाछपवी आहे.

आज अ तुकडीच्या वॉर्डात दिवसभर बसले. मुली कामसू आहेत, पण शिस्त नावाला नाही. दुपारी दोनला पाळी बदलते. दुसरी मुलगी येते, पहिलीच्या बाजूला टेकते, रुग्णाचं दुसरं मनगट धरते, आणि दोघी दहा-दहा मिनिटं सोबत ओठ हलवत बसतात. मग पहिली हळूच हात काढून घेते. एका रुग्णामागे दोघी! त्या वेळात बाकीच्या खाटांकडे कोण बघणार? कडक शब्दांत टिपण लिहून मेट्रनबाईंना दिलं. पहिल्यांदाच त्यांनी चहा विचारला नाही. उद्यापासून घंटा होताच जुनीने उठायचं, मग नवीने बसायचं.

१३ फेब्रुवारी

काल दुपारी दोनच्या घंटेनंतर पाच मिनिटांत दोन रुग्ण गेले. दोघेही अत्यवस्थच होते, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. आज पुन्हा एक. दोन वाजून तीन मिनिटांनी.

सत्यवतीबाईंना गाठलं. त्या एवढंच म्हणाल्या की, बाई, तुमचं टिपण वाचलं. बस. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी

आज तमाशा झाला. पुष्पलता म्हणून नागपूरजवळच्या मौद्याची एक विद्यार्थिनी आहे, एकोणीस वर्षांची, सगळ्यांत हुशार. दोन वाजले तरी ती उठेना. मेट्रनबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. ती रडली नाही, मला मात्र सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, “बाई, आमी मोजून राहिलो तोवरच त्याचा श्वास चालते. मोजनं थांबलं का तो थांबते. तुमाले काहून समजत नाही वं?”

ती बोलत होती म्हणजे मोजत नव्हती. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. खाटेकडे वळलो तेव्हा तिथला म्हातारा गेला होता.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याला ट्रंक कॉल लागायला अडीच तास. ऐकू निम्मं आलं, पण संमती मिळाली. माझी शिफारस: अभ्यासक्रम तूर्त बंद, अ तुकडीला महिनाभर घरी पाठवावं. मुलींना भ्रमाने घेरलं आहे आणि तो शिक्षिकेने त्यांच्या डोक्यात भरवला आहे. संध्याकाळपर्यंत वसतिगृह रिकामं; मोजत बसण्याजोगा अत्यवस्थ रुग्णही आता वॉर्डात उरला नव्हता. सत्यवतीबाईही आपल्या भावाकडे निघून गेल्या, कुठे ते कोणालाच सांगितलं नाही.

अहवालात नुसतं ‘भ्रम’ लिहून चालणार नाही, पुरावा हवा. उद्या स्वतः मोजून बघते आणि थांबवते. तेवढं केलं की हे प्रकरण संपेल.

१६ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

मुद्दाम सगळ्यांत ठणठणीत रुग्ण निवडला. कवडू, शहराबाहेरच्या वाडी गावात गोदामात हमाल, पंचेचाळिशीचा. न्यूमोनियातून पूर्ण बरा झालेला, सोमवारी घरी जायचाय. त्याची बायको जिजाबाई रोज डबा आणते आणि शेजारच्या रुग्णांनाही वाढते. आठ वाजता मनगट धरलं. बरोबर तासभर मोजणार आणि नऊला थांबणार.

त्याच दिवशी, दुपार

नऊला थांबले.

त्याची छाती खाली गेली आणि वर आलीच नाही. तो माझ्याकडे बघत होता. शुद्धीवर, डोळे मोठे होत होते, ओठ निळे. मी मोठ्याने ‘एक’ म्हटलं. त्याने श्वास घेतला.

योगायोग, म्हणून पुन्हा थांबले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबायचं धैर्य झालं नाही.

डॉक्टर येऊन छातीला नळी लावून तपासून गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले, आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, कारण मी उत्तर दिलं नाही. उत्तर देता येत नाही. ओठांनी मोजते आहे, उजव्या हाताने लिहिते आहे, डावा त्याच्या मनगटावर.

दुसऱ्या कोणाला बसवावं, तर शिकलेली एकही मुलगी इथे नाही. मीच पाठवून दिलं. ब तुकडीच्या एका मुलीला चिठ्ठीवर लिहून समजावलं, ती बसली, मोजली, पण त्याचा श्वास तिच्या मोजण्याला लागेना; ती सत्यवतीबाईंच्या तासाला कधी बसलेली नाही, मी बसले होते. चिठ्ठीवरच पुष्पलतेसाठी तार लिहून दिली. मौद्याहून येऊन येऊन किती वेळ लागतो? आज शनिवार. तारघर उघडं असेल ना.

१७ फेब्रुवारी, सकाळ

रात्र निघाली. पाणीही दोन आकड्यांच्या मध्ये प्यावं लागतं, एका श्वासात घोट.

पुष्पलता नाही. तारेचं उत्तर नाही. कार्यालय बंद, मेट्रनबाई रजेवर.

जिजाबाईंनी माझ्या तोंडात घास घातला. त्यांना वाटतं मी त्यांच्या नवऱ्यासाठी जप करते आहे. म्हणाल्या, “बाई, तुमी बसल्या तं आमच्या यायले लय बरं वाटते. कोन करते एवढं परक्यासाठी.” — आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं. मोजत मोजत.

कवडूला कळलं आहे. तो सारखा माझ्या ओठांकडे बघतो.

दुपार

चार माणसं. दोन, एक, आणि पुष्पलतेसमोर गेलेला तो म्हातारा. चौघांची नावंही मी विचारली नव्हती. टिपणात फक्त खाटांचे क्रमांक —

जीभ जड झाली आहे. चौदानंतर सोळा म्हटलं. त्याला ठसका लागला. चुकायचं नाही. चुकायचं नाही.

जिजाबाई कपडे आणायला वाडीला गेल्या. माझ्या भरवशावर.

ऊन — खिडकी कोणी बंद का करत नाही — बारा, तेरा —

नंतर

डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. पण मोजणं थांबलं नव्हतं, जागी झाले तेव्हा तोंड चालूच होतं, सात, आठ. श्वासही चालू आहे. ऐकू येतो आहे. बोटांखाली मनगट. देवा. सांभाळलं.

पायरव. पुष्पलता. पुष्पलता आली, पिशवीसकट, धावत.

मी मानेने खुणावलं — धर, त्याचा दुसरा हात धर, सोबत मोज —

ती धरत नाही. उभीच. तिने चादर ओढून कवडूच्या तोंडावर घातली. म्हणाली, बाई, बाबा तं मघाचेच गेले. थंड पडले.

पण श्वास चालू आहे. मी मोजते आहे, वर येतो, खाली जातो, मला ऐकू —

ती विचारते, बाई, मंग हे कोनाचे मोजून राहिल्या?

खाली पाहिलं. माझ्या डाव्या हाताची बोटं माझ्याच उजव्या मनगटावर. कधी सरकली —

थांबून बघितलं. एकदाच. माझी छाती वर आली नाही.

पुष्पलता शेजारी बसली आहे. मनगट मागते आहे. तिलाही झोप नाही, तार रात्री पोचली, गाडी नव्हती, तेव्हापासून पायी रस्त्यात होती, डोळे मिटताहेत तिचे — आणि दुसरी कोणी नाही, सगळ्यांना मीच —

सतरा, अठरा, एकोणीस, वी