चिकटपट्टीवरचा पासवर्ड

भोर, १२ नोव्हेंबर २००९, संध्याकाळ

शी! ती पांढरी चिकटपट्टी काही डोळ्यांपुढून जात नाही.

रस्त्यांची टेंडरं आता कॉम्प्युटरवरून भरायची, म्हणून डिजिटल सही घ्यायची होती. डिप्लोमा माझा, ठेकेदारीचं रजिस्ट्रेशन माझ्या नावावर. तरी क्लास टू घ्यायची की क्लास थ्री, यावर धाकटे भाऊजी आणि एजंट तासभर बोलले आणि मला चहा टाकायला सांगितला. शेवटी एजंट म्हणाला, "थ्रीच घ्या. टूला नुसती कागदं चालत्यात, थ्रीला माणसाला जातीनं समोर जावं लागतंय. लई सेफ."

म्हणून गेल्या आठवड्यात पहिल्या एसटीनं पुण्याला गेले. सही देणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून पाहिला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज त्या सहीचं टोकन आलं, पेनड्राइव्हसारखं. भाऊजींनी त्यावर चिकटपट्टी लावली, वर पासवर्ड लिहिला आणि ते आपल्या गाडीच्या किल्लीला अडकवलं. "वहिनींना कशाला तरास? आमीच दाबू की बटण." हे शेजारी बसून हसले. नवऱ्याच्या त्या हसण्याचीच जास्त किळस आली. इतकी सुरक्षित सही, पण कुणापासून? माझ्यापासून?

भाऊजी जेवायला बसले तेव्हा किल्ली टेबलावरच होती. मी टोकन कॉम्प्युटरला लावलं आणि पासवर्ड बदलला. चिकटपट्टी तशीच ठेवली.

उद्या पालीच्या रस्त्याचं टेंडर भरायचं आहे. भाऊजींना जातीनं माझ्यासमोर यावं लागेल.