आजीनं मला परत का धाडलं

सातारा, १६ जाने. १९७४, बुध.
आजी पहाटे गेली. वय पंच्याऐंशीच्या पुढं, नक्की कुणालाच माहीत नाही. ती बेशुद्ध म्हणून मी परवाच सांगलीहून आले होते. आईनं नि मी अंघोळ घातली. बोटांची पेरं जाडजूड, सुईणपणात झिजलेली. अंग मात्र एवढंसं.
आम्हा ज्यू लोकांत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पुण्याचे, कराडचे मिळून नऊ. बाबांनी सकाळीच सांगलीला तार केली होती. हे दुपारी पोचले. दिवस मावळायच्या आत माती दिली. बाबा सगळ्यांना सांगत होते, "जावई वेळेला धावून आला." हे माझ्याकडं बघून हसले. माझी बरगडी श्वास घेताना अजून दुखते.

१७ जाने.
जमिनीवर बसलोय. दुखवट्याचे सात दिवस असंच. दिवसभर माणसं. निम्म्यांना तर आजीनंच जगात आणलंय. उंब्रजच्या दवाखान्यात जन्म काढला तिनं. शनिवारी चूल पेटवायची नाही, पण बाळंतपण आलं की शनिवार असो, सण असो, निघालीच. स्वतःची पोरं नऊ, जगली तीन. बायकोला लाथ घातली म्हणून एका पैलवानाला तिनं चौकात चपलेनं हाणला होता. लोक सांगतात, हसतात, रडतात.
मी दिवाळीत तिला पाठ उघडून दाखवली होती. याच आजीला. तिनं हळद-तेल लावलं. मग म्हणाली, "उद्याच्या गाडीनं सांगलीला जा."
"आजी, मारून टाकतील मला."
"जा म्हणते ना."
स्टँडवरही आली नाही. त्यानंतर मी तिच्याशी बोललेच नाही.
मला रडू येत नाही. राग येतो नुसता.

१८ जाने., शुक्र.
उंब्रजहून तानूबाई नावाची म्हातारी आली. येष्टीनं, एकटी. सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ सरकली. बोलली ते आठवेल तसं लिहिते.
"माजी थोरली भन सोना. दाल्ला दोरानं बडवायचा. तुज्या आजीनं तिला दवाखान्यात ठिवून घेतली. त्यो न्यायला आला, तवा चुलीतलं लाकूड काढून त्याचं दोन दात पाडलं बाईनं. लय मारला. गाव बघत हुतं."
मी म्हटलं, बरं केलं.
"बरं कशाचं? म्हैन्याभरानं आला. पाया पडला, रडला, गोड बोलून सोनाला घरी न्हेली. आन हिरीत ढकलली. पोटुशी हुती. तुज्या आजीनंच खाली उतरून वर काढली. म्या दोर धरला हुता. डोकं पार फुटल्यालं."
नंतर कितीतरी वेळ पदर चावत बसली.
"तवापास्नं तुज्या आजीनं कुठल्या बाईला न्हवरा सोड म्हणून सांगितलं न्हाई. मार खाईल, पर जित्ती ऱ्हाईल, म्हणायची."
आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती शनिवारसाठी शब्बाथचा दिवा लावत होती. मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

१९ जाने., शनि.
हे म्हणाले, उद्या निघायचं. मी म्हटलं, सात दिवस होऊ देत. मागच्या अंगणात केस धरले. डोकं भिंतीवर. एकदा, परत एकदा. "म्हातारी मेली. आता पाठ कुणाला दाखवशील?"
बंब विझलेला, शेजारी फोडलेली लाकडं. एक हाताला लागलं. पहिला फटका मनगटावर, दुसरा कोपरावर. आवाज झाला. तो खाली बसला. तिसरा मी तो खाली बसल्यावर घातला.
बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते.

२० जाने.
त्याचं कोपर मोडलंय. प्लास्टर. डॉक्टरला त्यानं सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. तसाच सांगलीला गेला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईनं आज पहिलं ताट मला वाढलं.

२२ जाने., मंगळ.
सकाळी तो परत आला. हात गळ्यात, सोबत त्याची आई. पडवीत बसला. बाबांच्या पाया पडला. माझं नाव घेऊन रडला, खरोखर रडला. "चुकलो, रिबका. पुन्हा हात उचलणार नाही. घरी चल."
बाबांचे डोळे भरून आले. आत येऊन म्हणाले, "माणूस एवढा वाकलाय पोरी. अजून काय पाहिजे?"
मी आईला विचारलं, आजी असती तर काय म्हणाली असती?
आई भाकरी थापायची थांबली. "तुझी आजी कुणाला भ्यायची नाही. त्या विहिरीनंतर भ्याली. तिचं विचारू नको. तुझं सांग."
माझं मला कुठं कळतंय.
पडवीत तो हळू आवाजात बोलतोय, सासूबाई मधून हुंदका देतात. दुपारची गाडी आहे म्हणे. बाबांनी माझी पिशवी दारात आणून ठेवलीय. मी अजून उठलेले नाही.